शपथ पुरेशी नाही, सोबती हवा

वस्तीत दारूचा विषय निघाला की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. "त्याने मनावर घेतलं तर उद्या सुटेल." आणि "त्याला कुठेतरी नेऊन टाका." पहिले वाक्य सगळा दोष त्या माणसाच्या माथी मारते, दुसरे त्याला नजरेआड करते. आमचे म्हणणे असे की या दोन्हींमुळे माणूस एकटा पडतो, आणि एकटा पडलेला माणूस पुन्हा बाटलीकडेच जातो.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित अवस्थांचा मानसिक आजाराच्या व्याख्येतच समावेश केला आहे. म्हणजे उपचार हा हक्क आहे. प्रत्यक्षात काय? २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एम्सच्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कुठले तरी उपचार मिळाले होते. उरलेले ३७ कुठे आहेत? ते आपल्या गल्लीत आहेत, नाक्यावर आहेत, आपल्याच घरात आहेत. सगळ्यांना पुरतील इतके मनोविकारतज्ज्ञ उद्या तयार होणार नाहीत. मग आज त्यांच्याशी बोलणार कोण?

जो स्वतः त्यातून गेला आहे तो. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अॅक्रन शहरात दारूने पोखरलेला एक शेअर दलाल आणि तसाच एक शल्यचिकित्सक एकमेकांशी बोलत बसले, त्यातून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस उभे राहिले. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणमध्ये व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच पुढे समुपदेशक झाली. यामागचे तत्त्व साधे आहे. डॉक्टरकडे शास्त्र असते, पण पहाटे चारला हात थरथरताना काय वाटते हे ज्याने भोगले त्यालाच ठाऊक असते. तो समोर धडधाकट बसलेला दिसतो, तेव्हा पिणाऱ्याला पहिल्यांदा वाटते की हे सुटू शकते. ज्यांचे ज्ञान हजारो वर्षे ज्ञान म्हणून मोजलेच गेले नाही, त्या समाजाला अनुभवाची ही किंमत वेगळी समजावून सांगायला नको.

पण इथेच आमचा मुख्य मुद्दा येतो. सोबती म्हणजे नेमका कोण? दोघे पीत होते एवढ्याने ते समदुःखी होत नाहीत. पोटात दोन घोट गेल्याशिवाय गटारात उतरता येत नाही, हे सफाई कामगारांच्या वस्तीतले पोरही सांगेल. हाताने मैला साफ करायला लावण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरी माणसे गटारात मरत आहेत. अशा कामगाराला कुणी समुपदेशक सांगतो, "पिण्याची आठवण करून देणाऱ्या जागा टाळा." त्याने काय टाळायचे? त्याची ती जागा म्हणजे त्याचे कामच आहे. त्याचे दुःख समजायला त्याच कामातून आलेला, त्याच वस्तीतला, दारू सोडलेला माणूस हवा.

अॅनॉनिमसच्या बैठकीत फक्त पहिले नाव सांगतात. आपल्याकडे आडनावातून जात कळते, म्हणून ही प्रथा आम्हाला मोलाची वाटते. मात्र आडनाव गळाले तरी वस्तीचे नाव आणि कामाचे नाव निघताच जात पुन्हा खोलीत येऊन बसते. अपमानाची गोष्ट गाळून ज्याला आपली कहाणी सांगावी लागते, त्याची अर्धीच कहाणी ऐकली जाते. शिवाय त्यांच्या बारा पायऱ्यांमध्ये ईश्वराचा उल्लेख आहे. ईश्वर न मानणारे आपले अनेक बांधव तिथेच थबकतात. त्यांना आम्ही सांगतो, जगभर कित्येक जण त्या जागी समूहालाच आपली शक्ती मानतात. तुम्हीही माना, पण बैठक सोडू नका.

आता आपल्या घराकडे पाहू. पाचवे शील आपण प्रत्येक वंदनेत म्हणतो. १९५६ च्या बावीस प्रतिज्ञांमध्येही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. ज्याच्याकडून ती मोडते तो शरमेने विहारात येणेच बंद करतो, आणि आपणही त्याला बोलवायला जात नाही. शील उच्चारायला एक क्षण पुरतो, पाळायला कल्याणमित्र लागतो. आठवड्यातली एक संध्याकाळ विहाराची खोली अशा बैठकीसाठी का देऊ नये? जे बोलले ते खोलीबाहेर जाणार नाही, पुन्हा प्यायलेल्याला दार बंद होणार नाही, एवढे दोन नियम सुरुवातीला पुरेत. बायकांची बैठक मात्र वेगळी हवी. नवऱ्याची दारू बाईने निस्तरायची आणि वर "तूच त्याला सांभाळ" हेही तिनेच ऐकायचे, हे थांबले पाहिजे.

दोन इशारे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. तेव्हा दारू तोडताना डॉक्टर हवाच. सोबत्याने दवाखान्यापर्यंत बरोबर जायचे आणि परत आल्यावर हात सोडायचा नाही. दारूआड नैराश्य दडलेले असेल तर त्याचेही उपचार व्हायला हवेत. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे सरकारी मदत क्रमांक विहाराच्या फलकावर लिहून ठेवा.

दुसरा इशारा सरकारला. अमली पदार्थांच्या मागणीत घट करण्याच्या राष्ट्रीय कृती आराखड्यात अशा सोबत्यांमार्फत काम करण्याची तरतूद आहे. चांगले आहे. पण सोबती म्हणजे फुकटचा मजूर नव्हे. त्याला प्रशिक्षण द्या, नियमित वेतन द्या, आणि त्याच्याकडे बोट दाखवून जिल्हा रुग्णालयातली मनोविकारतज्ज्ञाची जागा रिकामी ठेवू नका. सेवेच्या नावाखाली आमच्या माणसांकडून बिनपगारी काम करून घेण्याची रीत या देशात फार जुनी आहे. ती नव्या नावाने आम्ही चालू देणार नाही.

जय भीम.