हरकत घ्यायची ती मसुद्यावर

मसुदा आणि अंतिम अधिसूचना यांतला फरक रायगडच्या किनारपट्टीवर कुणाला समजावून सांगावा लागत नाही. किनारा व्यवस्थापन आराखड्याचा मसुदा येतो, हरकती-सूचनांची मुदत जाहीर होते आणि भरतीरेषा किंवा कोळीवाड्याची हद्द चुकली असेल तर ती त्या मुदतीतच दाखवून द्यावी लागते. नकाशावर एकदा शिक्का बसला की उरतात ती निवेदने आणि हेलपाटे. मुक्त स्रोत डेस्कटॉपच्या चाचणी-आवृत्त्या, म्हणजे बीटा, हेही असेच मसुदे असतात. लिनक्सवर चालणाऱ्या संगणकात खिडक्या, मेनू, फाइलींची यादी, कळफलक असे जे काही आपल्यासमोर येते ते ग्नोम किंवा केडीई प्लाझ्मासारख्या डेस्कटॉपचे काम. ग्नोमची नवी आवृत्ती दरवर्षी मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये निघते आणि तिची बीटा साधारण महिना-दीड महिना आधी सर्वांसाठी खुली होते. त्यानंतर नव्या सोयी घालणे थांबते, पुढे मजकूरही गोठवला जातो. मराठीच्या संगणकीय तक्रारी मात्र बहुधा शिक्का बसल्यानंतरच्या असतात. आपल्याकडच्या शिक्षणसंस्थांनी आणि भाषेसाठी निधी खर्च करणाऱ्या सरकारने या मुदतीतच काम करायला हवे.

मार्च २०२५मध्ये आलेल्या ग्नोम ४८चे उदाहरण घ्या. आशियातली ग्नोम परिषद त्याआधी बेंगळुरूत भरली होती, म्हणून या आवृत्तीला ‘बेंगळुरू’ हे नाव मिळाले. याच आवृत्तीत पडद्यावरचा मूळ फॉन्ट बदलला. कँटरेल जाऊन ‘इंटर’वर आधारलेला अद्वैत सॅन्स आला. भारतीय शहराचे नाव आणि संस्कृत शब्दाचा फॉन्ट, पण त्या फॉन्टमध्ये ना कन्नड अक्षरे आहेत ना देवनागरी. आधीच्यातही नव्हती, त्यामुळे कुणी काही हिरावून घेतले असे नाही. अशा वेळी प्रणाली देवनागरीसाठी दुसरा फॉन्ट उसना घेते आणि दोघांची उंची, जाडी, ओळींतले अंतर जुळेलच याची खात्री नसते. रोमन अक्षरांच्या मापाने आखलेल्या बटणात वरची वेलांटी किंवा खालचा उकार छाटला जाण्याची भीती असते. हे तपासणार कोण? युरोपात किंवा अमेरिकेत बसलेल्या विकासकाला देवनागरी वाचता येत नाही, त्यामुळे छाटलेला उकार त्याच्या डोळ्यांना खटकतच नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. असा उकार खटकणारे डोळे आपल्याकडे आहेत आणि ते बीटाच्या काळात पडद्यासमोर असायला हवेत.

राज्य सरकारने ६ नोव्हेंबर २००९ आणि १० नोव्हेंबर २०२२ या तारखांच्या शासन निर्णयांनी मराठी वर्णमाला व वर्णलेखन निश्चित केले. देठयुक्त श आणि पाकळीयुक्त ल ही मराठीची रूपे ठरली. कागदावर हे उत्तम आहे. पण अनेक देवनागरी फॉन्टांत हिंदी आणि मराठी अशी दोन्ही रूपे असतात आणि कोणते दाखवायचे हे ‘हा मजकूर मराठी आहे’ अशी सूचना फॉन्टपर्यंत पोहोचते की नाही यावर ठरते. ही सूचना मंत्रालयातून निघत नाही. ती डेस्कटॉपच्या आज्ञावलीतून निघते आणि वाटेत कुठे गळाली तर शासन निर्णय पाळूनही पडद्यावर हिंदीचा ल उमटतो.

याहून त्रासदायक गोष्ट शोधाची. मराठीतला अर्धा ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो: नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’नंतर हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. ‘ॲ’चीही हीच गत आहे, हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे २००८मध्ये आले, तोपर्यंत ‘अ’वर चंद्र चढवून काम भागवले जात होते आणि तसा मजकूर आजही ढिगाने पडून आहे. खारेपाटातल्या एखाद्या ग्रामपंचायतीत ‘खाऱ्या पाण्याचे पंचनामे’ नावाची फाइल एका पद्धतीने टंकली गेली आणि नंतर आलेल्या लिपिकाने दुसऱ्या पद्धतीने शोधली, तर ती सापडण्याची शाश्वती नाही. किनाऱ्यावर, वाऱ्यामुळे, शेतकऱ्यांना, कर्मचाऱ्यांची: सरकारी मराठीत पानोपानी येणारे हे शब्द. शोधाची सोय दोन्ही रूपे एक मानते का, हे पाहायला पाच मिनिटे पुरतात. पण ते पाहावे हे सुचायला मराठी लिहिणारा माणूसच लागतो.

ही तपासणी आत्ताच हवी, कारण सध्या पायाच बदलतो आहे. चाळीस वर्षे जुनी एक्स ही खिडक्यांची व्यवस्था जाऊन वेलँड येत आहे. सप्टेंबर २०२५च्या ग्नोम ४९मध्ये एक्सचे सत्र मुळातच बंद ठेवून दिले गेले. केडीईनेही प्लाझ्मा ६.८पासून फक्त वेलँड राहील असे जाहीर केले आहे. इनस्क्रिप्ट कळफलकाने टंकणाऱ्याला याची झळ फारशी लागत नाही. पण गमभन किंवा तशा उच्चारानुसारी पद्धतींनी लिहिणाऱ्यांचा मजकूर आयबससारख्या मध्यस्थामार्फत जातो आणि वेलँडमध्ये त्या मध्यस्थाचे ठिकाण बदलले आहे. प्लाझ्मात तर त्याची निवड ‘आभासी कळफलक’ या सदरात जाऊन करावी लागते, जे नवख्याच्या ध्यानीमनीही येणार नाही.

वेळेवर केलेल्या चाचणीने काय फरक पडतो, हे केडीईच्याच इतिहासात दिसते. जानेवारी २००८मध्ये केडीई ४.० आले तेव्हा ते पुढच्या बांधणीचा पाया आहे, रोजच्या वापराचे नाही, असे विकासक सांगत होते. पण नावावर ‘चार’ हा आकडा पाहून लोकांनी ते वापरायला घेतले आणि संतापले. खुद्द लिनक्सचे जनक लिनस टॉरवॉल्ड्स ग्नोमकडे वळले. (पुढे ग्नोम ३वरही ते उखडले, तो भाग वेगळा.) कच्चा मसुदा अंतिम म्हणून खपवल्याची ती किंमत होती. सोळा वर्षांनी प्लाझ्मा ६ आले ते दोन बीटा आणि दोन पूर्व-अंतिम आवृत्त्यांची चाळण लावून, २८ फेब्रुवारी २०२४ला, आणि तुलनेने शांतपणे. त्याच महिन्याच्या सुरुवातीला केडीईची भारतीय परिषद पुण्याच्या सीओईपी तंत्रशास्त्र विद्यापीठात भरली होती. मसुदा अजून हातात होता आणि तो लिहिणारी माणसे महाराष्ट्रात होती. अशा संधी रोज येत नाहीत.

आता आक्षेप. मराठी डेस्कटॉप वापरतो कोण, सगळे तर मोबाइलवर, हा पहिला. तो अर्धा खरा आहे. सातबाऱ्याचा अर्ज, ग्रामसभेचे इतिवृत्त, शाळेचा दाखला आजही संगणकावरच तयार होतो. शिवाय देवनागरीची जोडाक्षरे जुळवणारी हार्फबझ ही मुक्त स्रोत यंत्रणा ग्नोमच्या पोटात आहे, तशीच अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स आणि लिबरऑफिसच्याही. तिथली चूक डेस्कटॉपवर सापडली तरी ती दुरुस्त होते फोनवरही. दुसरा आक्षेप, बीटा धोकादायक असते. असतेच, आणि तलाठ्याच्या यंत्रावर ती घालावी असे कुणी म्हणत नाही. पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून किंवा आभासी यंत्रात ती तपासता येते, मूळ यंत्राला हात न लावता.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मोठ्या कंपन्या हे काम पगारी माणसांकडून करून घेतात, मग आपल्या विद्यार्थ्यांनी फुकट का राबावे? विंडोजमध्ये मराठी आहे आणि विंडोजचाही चाचणी कार्यक्रम आहे, हे मान्यच. पण तिथे सूचना दिल्यावर तिचे काय झाले हे दिसत नाही आणि दुरुस्ती स्वतः करता येत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार संपला, तेव्हा बंद न पडलेले कितीतरी संगणक केवळ विंडोज ११च्या अटींत बसत नाहीत म्हणून निकाली निघाले. त्या निर्णयावर हरकत घ्यायला मुदत नव्हती. मुक्त स्रोतातही पगारी कामाचा मोठा वाटा आहे. रेड हॅट या कंपनीने २००४मध्ये खुले केलेले लोहित फॉन्ट मुळात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने, म्हणजे श्रीलिपीवाल्यांनी घडवले होते. २००९च्या आसपास ग्नोमच्या बहुतांशी भाषांतरित भाषांच्या यादीत मराठी दिमाखाने होती. नंतर तो जोर ओसरला. कंपनीचे प्राधान्य बदलले की भाषेची देखभालही बदलते, म्हणून काही माणसे कंपनीबाहेर असावी लागतात. ती फुकट असावीत असे मात्र नाही. केरळने आज काइट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सरकारी यंत्रणेमार्फत शाळांतले संगणक मुक्त स्रोतावर नेले, शिक्षकांना शिकवले आणि स्वतःची प्रणाली आवृत्तीमागून आवृत्ती काढली. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ला अभिजात दर्जा मिळाला. त्यातून जो पैसा भाषेकडे येईल, त्यातला अल्प हिस्सा दोन-तीन पगारी परीक्षकांवर खर्च झाला तर तो परिसंवादाच्या मांडवापेक्षा जास्त टिकेल.

सुरुवात लोणेऱ्याला करता येईल. माणगाव तालुक्यातले डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ १९८९पासून रायगडात आहे आणि राज्यभरची महाविद्यालये त्याला संलग्न आहेत. ग्नोमची बीटा ऑगस्टच्या आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला येते, म्हणजे दोन्ही सत्रे चालू असताना, प्रकल्पाचे विषय हवे असतात तेव्हा. अडचण एकच खरी आहे: तक्रार इंग्रजीत लिहावी लागते, तीही नेमकी. कोणती आवृत्ती, कोणता फॉन्ट, काय टंकले, काय दिसायला हवे होते, काय दिसले, आणि सोबत पडद्याचे चित्र. मराठी उत्तम जाणणाऱ्या विद्यार्थ्याला हे एकट्याने जमेलच असे नाही. मराठी विभागातला एक आणि संगणक विभागातला एक अशी जोडी लावली, तर पहिला चूक ओळखेल आणि दुसरा ती योग्य दारात नेऊन ठेवेल. गुण मात्र दोघांना मिळायला हवेत.