आरसे पाहावेत की वस्ताद?

द्वितीय वर्ष, कला

गेल्या काही वर्षांत आमच्या तालुक्याच्या गावी मुष्टियुद्ध शिकवणाऱ्या तीन जागा निघाल्या. आपल्या महाविद्यालयातली बरीच मुले आणि आम्ही चार-पाच मुली तिथे जातो. नवीन कोणी निघाले की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला : 'तिथं काय काय आहे?' मग कोणी सांगते, भिंतभर आरसे आहेत. कोणी सांगते, पंखे आहेत, गाणी लावतात. आपण कशासाठी चाललो आहोत आणि तिथे शिकवतो कोण, हे मात्र कोणीच विचारत नाही. माझी तक्रार आहे ती याच गोष्टीची.

आधी 'कशासाठी' ते पाहू. आपल्यापैकी पुष्कळजण भरतीसाठी जातात. त्यात हसण्यासारखे काही नाही. माझे वडील बाजार समितीत हमाली करतात, घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. माझ्या पदवीपेक्षा नोकरीची वाट घरी जास्त पाहिली जाते. पण पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, सर्वांना १०० मीटर धावणे आणि गोळाफेक. ठोशाला त्यात एकही गुण नाही! मग महिना दीड हजार भरून बॅग बडवण्यापेक्षा शाळेच्या मैदानावर पहाटे पाचला पळावे. तिथे फी नाही. यावर काहीजण खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणाचे नाव काढतात. ते आरक्षण खरे आहे. पण त्याला ठरावीक स्पर्धांमधले प्रावीण्य लागते आणि प्रमाणपत्र क्रीडा खात्याकडून पडताळून घ्यावे लागते. जिमवाल्याने स्वतः छापून दिलेला रंगीत कागद तिथे चालत नाही.

ज्यांना नुसते वजन उतरवायचे आहे, दम वाढवायचा आहे, त्यांनी घराजवळची स्वच्छ जागा धरावी. दोरीवरच्या उड्या, बॅग, थोडे पायांचे काम. एवढ्यासाठी कोणाचा मार खाण्याची गरज नाही. त्यांनी खुशाल आरसे पाहावेत.

खरा प्रश्न आहे तो रिंगणात उतरू पाहणाऱ्यांचा. तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या आणि मध्ये एकेक मिनिट विश्रांती, एवढाच सामना. ऐकायला सोपे वाटते. पण तीन मिनिटे नुसते हात हनुवटीपाशी धरून उभे राहून पाहा. शिवाय एकोणिसाव्या वर्षापासून आपण वरिष्ठ गटात धरले जातो, म्हणजे शाळेपासून खेळत आलेले गडी समोर येऊ शकतात. वरिष्ठ पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांतून डोक्याचे संरक्षक कवच २०१३ सालीच गेले. अशा वेळी तुमच्या डोक्याची काळजी कोण घेणार? आरसा तर नक्कीच घेणार नाही.

माझ्या वर्गातल्या एका मुलाला एका जागी दुसऱ्याच आठवड्यात दहा किलोंनी जड मुलासमोर उभे केले. दातांत रबर नव्हते. नाक फुटले, तेव्हा बाकीची मुले मोबाईलवर चित्रण करीत होती आणि शिकवणारा हसत होता. तालमीत असे होत नाही. आमच्या आजोबांच्या सांगण्यानुसार नव्या पोराने आधी महिनोन् महिने आखाडा खणायचा, जोर-बैठका काढायच्या. त्याची जोड कोणाशी लावायची हे वस्ताद ठरवणार. मुष्टियुद्ध परदेशातून आले म्हणून ही रीत टाकून द्यायची काय?

२००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये भारताचे पाच मुष्टियोद्धे गेले, त्यांतले चार हरियाणातल्या एकट्या भिवानीचे. विजेंदर सिंगने तिथे कांस्यपदक मिळवले. भिवानी काही मुंबई-दिल्ली नव्हे. पण तिथे जगदीश सिंग यांच्यासारखे शिकवणारे होते आणि रोज समोर उभे राहायला तोलामोलाची जोड होती. माझ्या मते या दोन गोष्टी असतील तर जागेवर पत्रा असला तरी चालेल.

म्हणून पैसे भरण्याआधी दोन संध्याकाळी नुसते जाऊन बसावे. सर्वांत नवख्या मुलावर नजर ठेवावी. त्याच्या हाताच्या पट्ट्या कोणी तपासतो का? जोडीने सराव करताना सामन्यातल्या १० औंसांऐवजी १६ औंसांचे जाड मोजे देतात का? आणि सरळ विचारावे, 'डोक्याला जोराचा फटका बसला तर तुम्ही काय करता?' स्पर्धेच्या नियमांत अशा फटक्याने सामना थांबला तर निदान ३० दिवस सक्तीची विश्रांती असते. 'तोंडावर पाणी मारतो' असे उत्तर आले तर चपला घालाव्यात.

मुलींना आणखी दोन प्रश्न विचारावे लागतात. महिलांचे मुष्टियुद्ध ऑलिंपिकमध्ये आले ते २०१२ साली लंडनला, आणि त्याच वेळी मेरी कोमने कांस्यपदक आणले. पण आमच्या गावातल्या तीनपैकी दोन जागी कपडे बदलायला खोली नाही, आणि आमच्या वजनाची दुसरी मुलगीही नाही. तिसरी जागा एसटी स्थानकामागच्या गोदामात आहे. तिथले सर लष्करातून निवृत्त झालेले, बोलायला खडूस. आरसा एकच, तोही तडकलेला. पहिले दोन महिने त्यांनी आम्हाला फक्त पाय कसे टाकायचे ते शिकवले, आणि सातला सुटल्यावर शेवटची मुलगी एसटीत बसेपर्यंत ते फाटकाशी उभे असतात. फी पाचशे रुपये आहे, आणि आमच्या वजनाच्या अजून दोन मुली तिथे हव्या आहेत.