नॉरफोकला त्याचे मंत्री परत द्या

प्रति,
प्रदेश खात्याचे माननीय मंत्री,
ऑस्ट्रेलिया सरकार, कॅनबेरा



मी सिडनीत राहणारी मराठी मतदार. राज्याने इस्पितळ नीट चालवलं नाही तर निवडणुकीत कोणाला पाडायचं, हे मला ठाऊक आहे. नॉरफोक बेटावरच्या माझ्या देशबांधवांना तो मार्ग उरलेला नाही. तो आपल्याच संसदेने बंद केला, म्हणून हे पत्र.

१९७९ च्या कायद्याने या सुमारे ३५ चौरस किलोमीटरच्या बेटाला नऊ जणांची विधानसभा मिळाली. पक्ष नव्हतेच. नऊपैकी काही जण खाती सांभाळत, त्यांचीच कार्यकारी परिषद होई आणि स्थानिक विषयांत कॅनबेराने नेमलेल्या प्रशासकाला तिच्या सल्ल्याने चालावं लागे. जकात, टपाल, टेलिफोन, इस्पितळ, वृद्धांचं निवृत्तिवेतन, अगदी बेटावर वस्तीला कोणी यायचं हेसुद्धा तेच ठरवत. एवढे अधिकार आपल्या राज्यांनाही नाहीत. आणि दोन हजारांच्या वस्तीत खातं सांभाळणारा माणूस बर्न्ट पाइनच्या बाजारात कधीही समोर यायचा. फाइल वर पाठवली आहे, असं सांगून त्याची सुटका होत नसे.

उणिवा होत्या. आयकर नव्हता, तिजोरी पर्यटकांवर चाले. पर्यटक घटले आणि २०१० मध्ये कॅनबेराकडे मदत मागावी लागली. शिवाय नऊतले चार मंत्री झाले की जाब विचारायला पाचच उरतात, तेही बरेचदा नात्यागोत्यातले. २०१६ पासून आयकराबरोबर मेडिकेअर आणि केंद्राचं निवृत्तिवेतन आलं, त्याचा अनेक घरांना आधार झाला, हेही खरं.

पण तिजोरी रिकामी झाली म्हणून सरकारच का मोडलंत? मे २०१५ च्या सार्वमतात दोन-तृतीयांशांहून अधिक मतदारांनी सांगितलं होतं, की आमच्या कारभाराची घडी बदलण्याआधी आम्हाला विचारा. जूनमध्ये विधानसभा बरखास्त झाली. पुढच्या वर्षी पाच जणांची प्रादेशिक परिषद आली. २०२१ मध्ये तीही बाजूला सारून तिच्या जागी, परिषदेचा कारभार पाहायला, वेगळा प्रशासक नेमला गेला. आज बेटाला लागू असलेले राज्याचे कायदे न्यू साउथ वेल्सचे, २०२२ पासून शाळा आणि आरोग्यसेवेला क्वीन्सलँडचा हात, आणि केंद्राच्या निवडणुकीत मत द्यायचं ते कॅनबेरातल्या बीन मतदारसंघात. या दोन्ही राज्यांच्या निवडणुकीत नॉरफोकच्या माणसाला मत नाही. मग त्याने शाळेबद्दल जाब विचारायचा कोणाला?

अटलांटिकमधलं सेंट हेलेना पाहा. तिथली वस्ती चार-साडेचार हजार, विमानतळ ब्रिटनच्या पैशाने बांधलेला, अंदाजपत्रकही ब्रिटनच्या अनुदानावर उभं. तरी २०२१ मध्ये तिथे जुनी समित्यांची पद्धत जाऊन मुख्यमंत्री आणि चार मंत्री आले. बारा निवडून आलेल्यांपैकी बाकीचे त्यांच्यावर नजर ठेवतात. परावलंबी बेटावर ब्रिटनने मंत्री आणले. आपण होते ते काढून घेतले.

इस्पितळ, निवृत्तिवेतन आणि धावपट्टीचा भार केंद्राने उचलावा. तो दोन हजार माणसांना पेलणारा नाही. जमीन, पर्यटन, रस्ते, पर्यावरण आणि बेटाची नॉरफ्क भाषा ही खाती निवडून आलेल्या मंत्र्यांकडे द्या, ठरलेल्या निधीसह. हिशेब मात्र बाहेरच्या लेखापरीक्षकाने तपासावेत, म्हणजे नात्यागोत्याचा प्रश्न उरणार नाही. आणि या वेळी मसुदा आधी बेटावर मतदानाला ठेवा, मगच संसदेत आणा.

आपली,
सिडनीची एक मतदार