पाणी दिसेल अशी खोली

औंढ्या नागनाथाचे दर्शन झाले की बहुतेक यात्रेकरू परतीची गाडी गाठतात. पूर्णेवरचे सिद्धेश्वर धरण जवळच. पण तिथे रात्र काढावी, हे सहसा कुणाला सुचत नाही. मला मात्र तिथे मोठे हॉटेल नकोच आहे. १९६८ साली बांधून झालेल्या या धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्याच घरी दोन खोल्या असाव्यात, न्याहारीला भाकरी-पिठले मिळावे. निवास-न्याहारी योजना आहेच. ती इथल्या घरांपर्यंत का नेऊ नये? खोली ठरवताना मी भाड्याआधी महिना पाहीन. मे महिन्यात पाणी आटते, खिडकीतून दिसतो तो भेगाळलेला गाळ. दिवाळीनंतर जावे, आणि भाडे घरधन्याच्याच हातात द्यावे.