मालिका तुळापुरी संपली. कथा लामकानीपर्यंत आली होती (धागा)

१/९ २९ फेब्रुवारी २०२० रोजी झी मराठीवर 'स्वराज्यरक्षक संभाजी' या मालिकेचा अखेरचा भाग प्रसारित झाला. सुमारे अडीच वर्षे चाललेल्या मालिकेचा तो शेवट आजही अनेकांच्या स्मरणात आहे. त्या शेवटाचे खानदेशाशी असलेले नाते मात्र फारसे कोणी सांगत नाही.

२/९ शंभूराजांच्या छळाची दृश्ये किती दाखवावीत, यावर तेव्हा पुष्कळ वाद झाला. माझ्या मते त्याहून मोठा प्रश्न होता तो कथा कोठे थांबवावी, हा.

३/९ आधी आरंभ पाहू. १६ जानेवारी १६८१ रोजी शंभूराजांचा राज्याभिषेक झाला आणि लगोलग हंबीरराव मोहित्यांच्या फौजा बुऱ्हाणपुरावर तुटून पडल्या. बुऱ्हाणपूर ही मोगलांच्या खानदेश सुभ्याची राजधानी. बहादूरपुरा ही तिची धनाढ्य पेठ लुटली गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात औरंगजेब स्वतः बुऱ्हाणपुरास येऊन ठेपला.

४/९ फेब्रुवारी १६८९ मध्ये राजे संगमेश्वरी पकडले गेले. ११ मार्चला त्यांचा वध झाला. मालिका येथे थांबली. नायकाच्या मृत्यूने पडदा पडावा, हे नाट्यदृष्ट्या स्वाभाविकच.

५/९ इतिहास मात्र थांबला नाही. त्याच वर्षी रायगड पडला. येसूबाई आणि सात वर्षांचे शाहूराजे मोगली छावणीत कैद झाले. राजाराम महाराज जिंजीस गेले. संताजी, धनाजी आणि पुढे ताराबाई यांनी लढा चालू ठेवला. १७०७ मध्ये औरंगजेब दक्षिणेतच मरण पावला.

६/९ त्यानंतर आझमशाहाने शाहूराजांना सोडले. नर्मदा उतरून ते सुलतानपूरच्या वाटेने खानदेशात आले. कोकरमुंड्याचे अमृतराव कदमबांडे आणि लांबकानीचे सुजानसिंग रावळ त्यांना मिळाले. परसोजी भोसलेही येऊन दाखल झाले. ग्रंथांतील ही लांबकानी म्हणजे आजच्या धुळे तालुक्यातील लामकानी.

७/९ हा प्रवेश निर्मळ विजयाचा नव्हता. मराठ्यांत फूट पडावी, हाच सुटकेमागील मोगली हेतू. 'हा शाहू तोतया आहे' असेही म्हटले गेले. ऑक्टोबरात खेडला मराठ्यांशीच लढावे लागले. मग जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्यास राज्याभिषेक झाला.

८/९ म्हणूनच माझे मत असे, की शंभूराजांच्या कथेचा अखेरचा भाग त्यांच्या पुत्राच्या परतण्याचा असावयास हवा होता. वधाशी थांबलेली कथा प्रेक्षकाच्या हाती शोक आणि संताप ठेवते. राजा, राजधानी आणि वारस गमावूनही राज्य अठरा वर्षे कोणी व कसे तगवले, हे तिच्यातून कळत नाही.

९/९ जळगाव-धुळ्याच्या मुलांना तुळापूर ठाऊक आहे, ते योग्यच. त्यांना लामकानीही ठाऊक असावी. तिथवरची गोष्ट मालिकेने सांगितली नाही. ती आपण घरी आणि शाळेत सांगू शकतो.