चालू आहे, म्हणून चालेल?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. ईदच्या सुट्टीत आमचा भाचा घरी आला, पण त्याचे शिरखुर्म्याकडे लक्ष नव्हते. ज्या दवाखान्यात त्याने टेलिफोनची व्यवस्था बसवली होती, तिथे सुट्टीच्या रात्री कोणीतरी चोरवाटेने शिरून परदेशात फोन लावले होते. बिल आले आणि बोट भाच्याकडे गेले. "मामू, ही आवृत्ती बंद झाली आहे, असं मी दोनदा सांगितलं होतं. शेठ म्हणाले, चालू आहे ना, मग हात कशाला लावतोस?"

आम्ही भाषेचे शिक्षक. आवृत्ती पुस्तकाची असते, एवढेच आम्हाला ठाऊक. म्हणून त्याच्याकडूनच समजून घेतले.

त्या सॉफ्टवेअरचे नाव अ‍ॅस्टेरिस्क. फोनच्या बटणांवर जी चांदणी असते, तिचेच हे इंग्रजी नाव. हे सॉफ्टवेअर साध्या संगणकाचे टेलिफोन एक्सचेंज करते. "मराठीसाठी एक दाबा" असे सांगणे, आलेला फोन योग्य खोलीत जोडणे, निरोप साठवणे, ही कामे ते करते. १९९९ मध्ये अमेरिकेतील अलाबामा राज्यात मार्क स्पेन्सर या विद्यार्थ्याने ते लिहिले. त्याला स्वतःच्या छोट्या धंद्यासाठी एक्सचेंज हवे होते आणि तयार यंत्र परवडत नव्हते. लिहिलेले त्याने सर्वांसाठी खुले केले. कोणीही वापरावे, उघडून पाहावे, सुधारावे.

मग खुली आणि फुकट वस्तू बंद का करायची? कारण प्रत्येक जुन्या आवृत्तीची डागडुजी करायला माणसे लागतात, आणि हात मोजकेच असतात. म्हणून दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला साधारण चार वर्षे पूर्ण दुरुस्ती मिळते, पाचव्या वर्षी फक्त सुरक्षेची भोके बुजवली जातात आणि मग निरोप. भाच्याने बसवलेली १.८ ही आवृत्ती ऑक्टोबर २०१० ची. २०१४ च्या ऑक्टोबरात तिची नेहमीची दुरुस्ती थांबली आणि २०१५ च्या ऑक्टोबरात सगळेच थांबले.

फसगत होते ती इथेच. मुदत संपली म्हणून फोन बंद पडत नाही. दुसऱ्या दिवशीही घंटी तशीच वाजते. पण पुढे एखादे भोक सापडले, तर ते नव्या आवृत्तीत बुजवले जाते आणि तशी जाहीर सूचना निघते. ती सूचना चोरही वाचतो. जुनी आवृत्ती कुठे चालू आहे, एवढेच त्याला शोधायचे उरते.

बदल सोपा नसतो, हेही खरे. जुनी मांडणी नव्यात जशीच्या तशी बसत नाही. एकेक फोन तपासावा लागतो. पण या लोकांनी घाई केली असे म्हणता येणार नाही. इंटरनेटवरून फोन जोडणारा नवा भाग त्यांनी २०१३ मध्ये बाराव्या आवृत्तीत दिला. जुना भाग काढला तो २०२३ मध्ये, एकविसाव्या आवृत्तीत. मधली दहा वर्षे दोन्ही सोबत होते.

आम्ही भाच्याला विचारले, "मुदत संपायची तारीख तुला केव्हा कळली?"

तो थोडा थांबला. "बसवलं त्याच दिवशी, मामू."

"मग ती शेठना त्याच दिवशी लिहून का दिली नाहीस?"

त्याच्याकडे उत्तर नव्हते. शेठची चूक होतीच, पण तोंडी सांगून याची जिम्मेदारी संपली नव्हती. आता तो कुठेही काम करताना पहिल्याच कागदावर शेवटची तारीख लिहितो आणि मालकाची सही घेतो.

वाचकहो, औषधाच्या पट्टीवरची तारीख आपण पाहतो. तशीच एकदा घरातल्या मोबाइलच्या सेटिंगमध्ये जाऊन शेवटचे सुरक्षा अपडेट कधी आले ते पाहा. विशेषतः अम्मी-अब्बांच्या हातातल्या जुन्या फोनमध्ये, ज्यावरून पैसेही पाठवले जातात. फुकट मिळालेल्या वस्तूचीही देखभाल करावी लागते, आणि वेळ आली की तिला निरोपही द्यावा लागतो.