शिक्षेनंतरचा बंदिवास आणि त्याचे मोल

न्यायालयाने ठोठावलेली शिक्षा पुरी भोगली की गुन्हेगाराचे समाजाला असलेले देणे फिटले, हा दंडनीतीचा जुना सिद्धांत आहे. अमेरिकेतील वीस राज्यांनी, आणि २००६ सालापासून तेथील संघराज्य सरकारनेही, लैंगिक गुन्हेगारांच्या बाबतीत ह्या सिद्धांताला मुरड घातली आहे. शिक्षेची मुदत संपत आलेला गुन्हेगार मनोविकृतीमुळे पुन्हा अत्याचार करील, असे न्यायालयास पटवून दिले म्हणजे त्याला तुरुंगाच्या दारातून थेट दुसऱ्या कुंपणाआड नेता येते. ह्या दुसऱ्या बंदिवासाला तेथील कायदा शिक्षा म्हणत नाही, उपचार म्हणतो. म्हणूनच त्याला ठरावीक मुदतही नसते.

ह्या कायद्यांमागील लोकक्षोभ खरा होता, हे प्रथम मान्य केले पाहिजे. १९८९ साली वॉशिंग्टन राज्यातील टॅकोमा शहरात, पूर्वी शिक्षा भोगून सुटलेल्या एका इसमाने सात वर्षांच्या बालकावर अमानुष अत्याचार केला. त्यानंतर १९९० साली त्या राज्याने असा पहिला कायदा केला. कॅन्ससने १९९४ साली त्याचे अनुकरण केले आणि १९९७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो कायदा ग्राह्य ठरविला. ज्या घरावर असा प्रसंग ओढवला, त्या घरातील मातापित्यांपुढे दंडनीतीची पोथी उघडून बसण्याचा अधिकार कोणासही नाही. परंतु कायदा करणाऱ्यांना क्षोभ शमल्यावरही हिशेब द्यावा लागतो, आणि तो हिशेब आता पुढे आला आहे.

मिनेसोटा राज्याच्या विधिमंडळाच्या लेखापरीक्षकाने २०११ साली दिलेल्या अहवालानुसार, अशा एका स्थानबद्धावर वर्षाकाठी सुमारे १ लाख २० हजार डॉलर खर्च होत होते. त्याच राज्यातील तुरुंगात एका कैद्यावर होणाऱ्या खर्चाच्या हा आकडा किमान तिप्पट होता. २०१० साली वीस राज्ये मिळून ५,२०० स्थानबद्धांवर जवळजवळ ५० कोटी डॉलर खर्च करणार असल्याचा अंदाज एका वृत्तसंस्थेने काढला होता. हा खर्च का वाढतो हे समजणे कठीण नाही. येथे तुरुंगाचा पहारा तर हवाच, शिवाय मानसोपचारतज्ज्ञ हवेत. प्रकृतीचे आणि धोक्याचे वेळोवेळी मूल्यमापन हवे. प्रत्येक सुनावणीस वकील आणि तज्ज्ञ साक्षीदार हवेत. वॉशिंग्टन राज्याने तर हे केंद्र मॅकनील बेटावर ठेवले आहे. तेथे माणसे आणि सामान नेण्यासाठीदेखील बोटींवर अवलंबून राहावे लागते.

तथापि खर्चाचे सर्वांत मोठे कारण वेगळेच आहे. ह्या संस्थांत माणसे येतात, पण बाहेर जात नाहीत. २००३ साली मिनेसोटाच्या तुरुंगातून नुकत्याच सुटलेल्या एका गुन्हेगाराने शेजारच्या नॉर्थ डकोटा राज्यातून एका महाविद्यालयीन तरुणीचे अपहरण केले. पुढे तिचा मृतदेह सापडला. त्यानंतर मिनेसोटात स्थानबद्धतेचे अर्ज झपाट्याने वाढले आणि तेथील संख्या सातशेच्या वर गेली. २०१५ साली एका संघीय न्यायाधीशाने ही व्यवस्था घटनाबाह्य ठरविली, तेव्हा वीस वर्षांत एकाही माणसाची संपूर्ण सुटका झालेली नव्हती. पहिली तशी सुटका २०१६ साली झाली. वरिष्ठ न्यायालयाने २०१७ साली तो निर्णय फिरविला, ही गोष्ट अलाहिदा. ज्या रुग्णालयातून दोन दशके एकही रुग्ण बरा होऊन घरी जात नाही, त्याला रुग्णालय म्हणावे काय? सुटकेच्या कागदावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याला उद्याच्या वृत्तपत्राची धास्ती असते; सही न करणाऱ्याला कसलेच भय नसते. मात्र त्याच्या निर्धास्तपणाचे देयक करदात्याच्या नावे निघते.

ह्या खर्चाने समाज किती सुरक्षित झाला? न्यूयॉर्क राज्यातील २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की लैंगिक गुन्ह्यांसाठी अटक झालेल्यांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक जणांना तशा गुन्ह्याबद्दल पूर्वी कधी शिक्षाच झालेली नव्हती. म्हणजे कितीही उंच भिंती बांधल्या, तरी बहुतेक अत्याचारी त्या भिंतींच्या बाहेरच असतात. पुष्कळदा ते नात्यातले, शेजारचे, ओळखीचे असतात. मूठभरांना कायमचे कोंडण्यात जो पैसा जातो, तो जलद तपासाला, पीडितांच्या साहाय्याला आणि सुटलेल्यांवरील देखरेखीला मिळत नाही.

आपल्याकडे असा कायदा नाही. परंतु मागणीचे बीज आहे. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या अत्याचारातील अल्पवयीन दोषीची तीन वर्षांची मुदत २०१५ च्या डिसेंबरात संपली, तेव्हा त्याला अडकवून ठेवा, असा आक्रोश देशभर झाला. कायद्यात तरतूद नसल्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने त्याची सुटका रोखण्यास नकार दिला. अशी वेळ पुन्हा येईल, आणि त्या वेळी अमेरिकेचे उदाहरण पुढे करणारेही भेटतील.

आमचे म्हणणे असे, की घातक माणसाला मोकळे सोडावे असे कोणीही सुज्ञ सांगणार नाही. पण अधिक शिक्षा हवी असेल, तर ती गुन्हा शाबीत होताना फौजदारी न्यायालयाने उघडपणे द्यावी. उपचार करावयाचे, तर ते शिक्षेच्या पहिल्या दिवसापासून करावेत. मुदत संपत आल्यावर त्यांची आठवण होणे हा निव्वळ बहाणा आहे. सुटकेनंतर कडक देखरेख असावी. अगदी विरळा प्रसंगी स्थानबद्धता अटळ ठरलीच, तर तिची गरज दरवर्षी नव्याने सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर असावी. शिक्षेला उपचाराचे नाव देणारे सरकार तिजोरी रिकामी करते, आणि न्यायावरील विश्वासही गमावते. तिजोरी पुन्हा भरता येते. गमावलेला विश्वास कोणत्याही अंदाजपत्रकातून परत मिळत नाही.